पुडी उघडायची नाही

चाळीस वर्षं मिस्त्रींनी पत्रा वाकवला. मोठ्या इमारतींच्या छताआड गार हवा खेळवणारे चौकोनी डक्ट असतात ना, ते बनवायचं त्यांचं काम. सांध्याला दुहेरी घडी घालायची, ठोकून बसवायची, मग आत धूर सोडून कुठून बाहेर येतोय का ते टक लावून बघायचं. हाताखालची माणसं बदलली, यंत्रं बदलली, पण मिस्त्रींचं एक वाक्य काही बदललं नाही: "बघितल्याशिवाय पास नाही." लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या बायकोने बंद केलेला नळ पुन्हा उघडून पुन्हा बंद केला होता. हे प्रकरण आपल्याला जन्मभर पुरणार, हे त्या माउलीने तेव्हाच ओळखलं.

असा हा माणूस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मागच्या अंगणात शेगडीपुढे उकिडवा बसून फॉइलच्या कागदात मासा गुंडाळत होता. फॉइल म्हणजे त्यांच्या लेखी पत्र्याच्या घराण्याला कलंक. नख लागलं की फाटतं, फुंकर मारली की उडतं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, मऊ, ओलसर आणि बिनकाट्याचं द्या. आणि कोपऱ्यावरच्या मासळीवालीने सांगितलं होतं, "काका, हा पांढरा मासा फार कोवळा. जाळीवर उघडा टाकलात तर अर्धा जाळीला चिकटेल, अर्धा निखाऱ्यात पडेल आणि तुमच्या हातात चिमटा तेवढा राहील. पुडीत घाला. लोणी, लिंबाची चकती, चिमूटभर मीठ आणि पुडी बंद."

हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. तिला अख्खं गाव घोषणाबाई म्हणून ओळखायचं. बसस्थानकावर अठ्ठावीस वर्षं माइकमागे बसून तिने गाड्या सोडल्या होत्या. निम्म्या गावाने तिचा चेहरा पाहिला नव्हता, पण आवाज सगळ्यांना पाठ. बाजारात तिने टोमॅटोचा भाव विचारला तरी शेजारचा माणूस दचकून घड्याळ बघायचा. घरातही तोच थाट. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जेवण फलाट क्रमांक एकवर लागत आहे. उशिरा येणाऱ्यांच्या गैरसोयीबद्दल आम्ही मुळीच दिलगीर नाही." लहानपणी लेक हे ऐकून हसता हसता लोळायची आणि मिस्त्री हात धुवायला पळायचे.

मग जबड्याखाली गाठ निघाली. कापून काढली. गाठ वाईट होती, पण वेळेत गेली, डॉक्टर खूश होते. जाताना मात्र ती घोषणाबाईंच्या डाव्या गालाची जाणीव घेऊन गेली आणि मागे ठेवून गेली एक घोगरा, फाटका आवाज. पाच आठवडे नाकात नळी होती, पातळ अन्न त्यातूनच. नळी काढून तीन आठवडे झाले होते. "बोला, बोलल्याशिवाय आवाज सुटणार नाही," असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. घोषणाबाईंनी माळ्यावरून लेकीची जुनी पाटी काढायला लावली आणि तिच्यावर लिहिलं, 'बघू.' त्यानंतर घरातला सगळा कारभार त्या पाटीवरून चालू होता.

दर शुक्रवारी दवाखान्यातली सिस्टर वजनकाटा घेऊन घरी यायची. काटा खाली खाली चालला होता.

मिस्त्रींच्या पहिल्या पुड्या बघण्यासारख्या होत्या. हवेला आत तसूभर जागा नाही, कडेला दुहेरी घडी, घडीवर चमच्याचा दांडा घासून बसवलेली, कोपरे काटकोनात. मासा आत इस्त्री केल्यासारखा चपटा झाला. मासळीवालीने हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अहो, वाफेला उभं राहायला जागा नको का? वरून सैल ठेवा, तंबूसारखं."

सैल ठेवलं. मग दुसरी पंचाईत. पुडी शेगडीवर गेली की मिस्त्रींच्या हाताला खाज सुटायची. आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणजे काय? दोन मिनिटांनी एक कोपरा उघडून बघायचा, बंद करायचा. पुन्हा दोन मिनिटांनी उघडायचा. प्रत्येक वेळी वाफ भस्सकन तोंडावर यायची, चष्मा धुकट व्हायचा आणि काहीच दिसायचं नाही ते नाहीच. चार दिवस चार मासे असे कापसासारखे कोरडे झाले. घोषणाबाईंनी एक घास तोंडात घोळवून रुमालात काढला आणि पाटीवर लिहिलं, 'गादीत भरा.'

"काका," मासळीवाली या वेळी सुरी खाली ठेवून बोलली, "आत कुणी अंघोळ करत असलं तर तुम्ही सारखं दार उघडून बघता का? झाली का, झाली का? पुडी उघडायची नाही. ती फुगेल, आतून चुरचुर ऐकू येईल. तिथून मनात तीनशे मोजायचे आणि उतरवायची. बघायचं नाही, ऐकायचं."

चाळीस वर्षांची सवय ती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मिस्त्री अक्षरशः स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले. पुडी फुगली, चुरचुरली, तीनशे मोजून झाले आणि उघडली तेव्हा आतला मासा ओलसर, मोत्यासारखा पांढरा, चमचा नुसता टेकवला की पाकळी सुटणारा. मिस्त्री स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी लेकीला फोन लावला. "तुझी आई आता कागदासकट खाते बघ."

आणि खरंच, पुडी रोज रिकामी व्हायची. दुपारी एकच्या सुमाराला मिस्त्री खिडकीजवळच्या टेबलावर ती उघडून ठेवायचे आणि समोर स्टूल घेऊन बसायचे. गुडघ्यावर हात, मान पुढे, डोळे बायकोच्या गळ्यावर. "घेतलास? गेला का खाली? गिळलास? नीट गिळ. आता दुसरा घे." दोन घास व्हायचे, मग पाटी वर यायची. 'पाणी.' पाणी आणलं की 'कोमट.' कोमट आणलं की 'लिंबू', आणि लिंबू तर पुडीतच संपलेलं, ते कोपऱ्यावरून आणायला लागायचं. परत येऊन बघतात तो फॉइल चाटूनपुसून साफ, चौकोनी घडी घातलेला. मिस्त्रींना तो घडी घातलेला कागद पदकासारखा वाटायचा.

शेजारचा बोकाही याच वेळेला कुंपणावरून फेरी मारायचा. रोज ठरल्या वेळी येऊन, सगळीकडे नाक खुपसून, काही न करता निघून जायचा, म्हणून घोषणाबाईंनीच त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. साहेब हल्ली कुंपणावर चढताना मध्येच दम खायला थांबत होता. मिस्त्रींनी ते पाहिलं होतं. वय झालं असेल बिचाऱ्याचं, असं त्यांना वाटलं होतं.

शुक्रवारी सिस्टर आली. घोषणाबाई काट्यावर उभ्या राहिल्या. मिस्त्री नेहमीसारखे वाकून सिस्टरच्या आधी आकडा बघायला गेले. गेल्या शुक्रवारी पंचेचाळीस किलो होते. आता चव्वेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.

"काटा बिघडलाय," मिस्त्री म्हणाले.

सिस्टरने स्वतः काट्यावर उभं राहून दाखवलं. काटा बिघडला नव्हता. ती चांगली मुलगी होती, तिने घोषणाबाईंचा हात हातात घेतला. "मावशी, आता खरं सांगते. पुढच्या शुक्रवारी पंचेचाळीसच्या वर गेलात तर ठीक. नाहीतर डॉक्टर पुन्हा नळी घालायला सांगणार. मला थांबवता यायचं नाही."

घोषणाबाईंचा हात आपोआप नाकाकडे गेला. मिस्त्रींनी ते बघितलं. दवाखान्यातल्या त्या पाच आठवड्यांत ही बाई एकदाच रडली होती, आणि ती नळी घालताना. अन्न जातंय आणि वजन येत नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे, एवढंच त्यांच्या मिस्त्री डोक्याला कळलं. आणि गळती शोधण्यात तर हयात गेली होती.

ती दुसऱ्याच दिवशी सापडली, तीही न शोधता. पाटीवर 'लिंबू' आलं, मिस्त्री निघाले आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर कळलं की पाकीट घरीच राहिलं. मागच्या अंगणातून परत येताना त्यांची नजर खिडकीतून आत गेली. साहेब खिडकीच्या कठड्यावर बसला होता. घोषणाबाई चमच्याने त्याला मासा भरवत होत्या. जीभ भाजू नये म्हणून प्रत्येक घासावर फुंकर घालत होत्या.

मिस्त्रींचं डोकं असं तापलं की शेगडी बरी. उन्हात बसून कोळसे फुंकायचे, बोटं भाजून घ्यायची, ती काय या लठ्ठ्यासाठी? त्यांनी ओरडायला तोंड उघडलं सुद्धा. पण तेवढ्यात घोषणाबाईंनी एक चमचा स्वतःसाठी भरला. आधी दाराकडे बघितलं. मग खिडकीच्या काचेत स्वतःकडे. मग घास तोंडात घातला. डाव्या बाजूने लोणी ओघळून हनुवटीवर आलं, त्यांना ते कळलंच नाही. थेंब गाऊनवर पडला तेव्हा कळलं. त्यांनी घाईघाईने पुसलं, आणि त्या घाईत घास चुकीच्या वाटेला गेला. खोकल्याची उबळ आली. टेबलाची कड घट्ट धरून त्या खोकत राहिल्या आणि डोळ्यांत अशी भीती की खोलीत कुणी आहे का, कुणी आहे का, असं बघत होत्या. उबळ थांबली. त्यांनी पुडी सरळ साहेबापुढे सरकवली.

मिस्त्री भिंतीला टेकून तसेच उभे राहिले. राग कुठल्या कुठे गेला होता. समोर कुणी बसलं तर तिला लाज वाटते, कुणीच नसलं तर जिवाची भीती. आणि आपण काय केलं? स्टूल टाकून तिच्या गळ्यावर डोळे रोखून बसलो, जसा धूर बघत बसायचो. वर विचारत होतो, गेला का खाली. गळती पुडीत नव्हती, बोक्यातही नव्हती. दोन डोळे फार झाले होते. स्वतःच्या अकलेला त्यांनी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. तिला कळू नये म्हणून पाकीट न घेताच ते पुन्हा कोपऱ्यावर गेले आणि लिंबू उधार नको म्हणून तसेच रिकाम्या हाताने परत आले.

रविवारी दुपारी त्यांनी तीन पुड्या भाजल्या. मागच्या दाराच्या पायरीवर उशी ठेवली आणि घोषणाबाईंना हाताला धरून तिथे आणून बसवलं.

"ही तुझी," त्यांनी पहिली पुडी तिच्या मांडीवरच्या ताटलीत ठेवली. "ही माझी. आणि ही साहेबांची. त्यांना त्यांची वेगळी आहे, तेव्हा तुझ्यातली द्यायची नाही."

घोषणाबाईंची मान खाली गेली. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'कधी कळलं?'

"साहेबांना कुंपण चढवेना तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडलो मिस्त्री." लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी असलं बोलायची सवय नव्हती. "हे बघ. मी इथेच बसतोय, पण तिकडे तोंड करून. तुझ्या पाठीला पाठ लावून. बघणार नाही. काही अडकलं तर पाठीवर थाप मार, लगेच वळतो. नाहीतर आभाळ कोसळलं तरी वळणार नाही. तुला किती वेळ लागायचा तो लागू दे, कुठं सांडायचं तिथं सांडू दे."

आणि ते खरंच वळून बसले. पाठीला पाठ टेकली. घोषणाबाईंची पाठ किती हाडकुळी झालीय ते त्यांना त्या क्षणी कळलं आणि डोळे भरून आले. बरं झालं तोंड दुसरीकडे होतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. साहेबांनी आपली पुडी संपवली आणि ते मिस्त्रींच्या पुडीवर नजर ठेवून समोर बसले. मिस्त्रींनी त्यांना उचलून मांडीवर दाबून धरलं, निदान ही वाट तरी बंद. मग मागून फॉइलचा आवाज आला. कोपरा उघडला. वाफेचा बारीक सुस्कारा, लिंबाचा वास. चमचा ताटलीला लागला. मग शांतता, लांबलचक. मिस्त्रींनी मनात मोजायला सुरुवात केली. साठाला पुन्हा चमचा वाजला. मान वळायला बघत होती, तिला त्यांनी जागच्या जागी धरून ठेवलं. बघायचं नाही, ऐकायचं.

चौथ्या-पाचव्या चमच्यानंतर पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. मग थांबला. मिस्त्रींच्याही डोक्यात प्रकाश पडला. पाठ केलेल्या माणसाला पाटी कशी दिसणार? हे काही त्यांनी ठरवून केलं नव्हतं. मागे बाई घुटमळत होती, पाठीवरून ते जाणवत होतं. थाप मारली तर हा वळेल, आणि वळलेला नको.

"मीठ," मागून आवाज आला.

कसला तो आवाज! गंजलेल्या कडीसारखा. आठ आठवड्यांनी या घराने तो ऐकला. मिस्त्रींची मान अर्धी वळलीच होती, ती त्यांनी ओढून परत आणली. "कमी आहे होय?" ते शक्य तितक्या सहज म्हणाले.

"कमी."

त्यांनी मिठाची बरणी खांद्यावरून मागे धरली. ती उचलली गेली. अर्ध्या तासाने खांद्यावरून बरणी परत आली आणि तिच्यामागे फॉइलची चौकोनी घडी. पुडी रिकामी होती, आणि साहेब सगळा वेळ मिस्त्रींच्या मांडीवर होते.

मग रोज तेच. दुपारी एक आणि संध्याकाळी उजेड असतानाच पुन्हा एकदा. पायरी, उशी, पाठीला पाठ. माशाच्या बाजूला कधी उकडलेला बटाटा, कधी लोण्यात घोळवलेला भात. मंगळवारी उबळ आली. मागून हात पाठीवर पडला, मिस्त्री वळणार इतक्यात तो हात नुसता टेकून राहिला. खोकला निवळला. हात आणखी थोडा वेळ तिथेच होता, मग गेला आणि चमचा पुन्हा वाजला. बुधवारी "मीठ"च्या जोडीला "लोणी" आलं. गुरुवारी तर अख्खं वाक्य आलं, "साहेबांना दमा होईल, खाली सोडा." लिहायची पाटी स्वयंपाकघरात कपाटाच्या वर गेली.

मिस्त्री स्वतः मात्र त्या आठवड्यात पायरीवर काही खात नव्हते. आपल्या चघळण्याच्या आवाजात तिचा चमचा ऐकू आला नाही तर? त्यांची पुडी मांडीवर तशीच बंद राहायची आणि शेवटी गार होऊन साहेबांच्या पोटात जायची. साहेबांचे दिवस बरे चालले होते.

शुक्रवारी सिस्टरने काटा मांडला. घोषणाबाई वर चढल्या. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"काका, काय झालं? बघायला येणार नाही का आज?"

"तूच बघ, बाळ," मिस्त्री भिंतीला म्हणाले.

सिस्टरने दोनदा बघितलं. "पंचेचाळीस किलो तीनशे," ती म्हणाली, आणि तिलाच हसू आवरेना. "नळी नाही! मावशी, नळी नाही!" मिस्त्रींनी कपाळ भिंतीला टेकलं आणि भिंतीवरच दोनदा थाप मारली. सिस्टर जाताना विचारत होती, काय खायला घातलंत, बाकीच्यांना सांगते. मिस्त्री म्हणाले, "मासा." याहून जास्त सांगायचं म्हणजे मोठी अडचणीची गोष्ट होती.

त्या दुपारी त्यांनी पुड्या नेहमीपेक्षा मोठ्या केल्या, मीठ आठवणीने घातलं आणि एकदाही न उघडता, तीनशे मोजून उतरवल्या. पायरीवर उशी ठेवली. घोषणाबाई बसल्या, आणि मिस्त्री सवयीने पाठ करून बसले. मांडीवर पुडी, तिच्यावर लक्ष ठेवून साहेब.

पण मागून पाठ टेकेना. फॉइलही वाजेना. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. इतक्यात मागे घसा साफ केल्याचा आवाज झाला, एकदा, दोनदा, माइक सुरू करण्याआधी करतात तसा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," घोगरा, फाटका, मध्येच तुटणारा आवाज म्हणाला. "पायरीवर पाठ करून बसलेल्या प्रवाशांनी..." इथे श्वास पुरला नाही. "...कृपया वळून बसावे."

मिस्त्री लगेच वळले नाहीत. आधी त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग वळले.

घोषणाबाई त्यांच्याकडेच तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी पुडी उघडली, माशाची एक पाकळी चमच्यात घेतली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघत तोंडात घातली. सावकाश चघळली. डाव्या बाजूने लोण्याचा ओघळ निघाला, हनुवटीपर्यंत आला. त्यांनी तो पुसला नाही. मिस्त्रींनीही नजर हलवली नाही, आणि तिच्या गळ्याकडे तर बघितलंच नाही. चेहरा बघत राहिले. इतक्या आठवड्यांत त्यांनी तो धड बघितलाच नव्हता.

घास खाली गेला.

"अहो, नुसते बघताय काय?" घोषणाबाई म्हणाल्या. "गार होतेय. उघडा आता तुमची पण."